माघार आणि पराभव : लालसोट (१७८७) व फेइ नदी (३८३) या दोन लढायांतील नेतृत्वनिर्णयांचा तौलनिक विचार

१. प्रश्नाची मांडणी

जयपूर शहरातून टोंक रस्त्याने दक्षिणेस निघाले, की गोपालपुरा आणि दुर्गापुरा ही आता शहरात पूर्णपणे मिसळून गेलेली ठिकाणे लागतात आणि त्यांच्या पुढे सांगानेर येते. या भागापासून आग्नेयेस, सुमारे पन्नास किलोमीटरांच्या टप्प्यात, तुंगा हे गाव व माधोगढचा किल्ला आहे. २८ जुलै १७८७ रोजी या परिसरात महादजी शिंदे यांची फौज आणि जयपूर-जोधपूरची संयुक्त फौज यांची लढाई झाली. राजस्थानात ही लढाई ‘तुंग्याचे युद्ध’ म्हणून ओळखली जाते. मराठी इतिहासलेखनात तिला ‘लालसोटची लढाई’ किंवा नुसते ‘लालसोट’ म्हणतात. हा भेद केवळ भूगोलाचा नाही. तुंगा हे रजपूत फौजेच्या बाजूचे ठिकाण, तर लालसोट हे मराठ्यांच्या पिछाडीचे, म्हणजे माघारीच्या वाटेवरचे. एका परंपरेने प्रसंगाला नाव दिले ते जिथे आपण उभे राहिलो त्या जागेवरून, तर दुसरीने दिले ते जिथून आपण परत फिरलो त्या जागेवरून.

या प्रसंगात पराभव कोणाचा झाला, हा प्रश्न जवळजवळ सव्वादोनशे वर्षे चर्चिला गेला आहे. प्रस्तुत निबंधाचा हेतू त्याचा निवाडा करणे हा नाही. लढाईचा निकाल आणि सेनानायकाचे निर्णय यांचा संबंध इतिहासलेखनात कसा जोडला जातो, आणि त्या जोडणीत लेखनप्रकाराचा वाटा किती असतो, हे पाहणे हा त्याचा हेतू आहे. तुलनेसाठी चीनच्या इतिहासातील इ. स. ३८३ ची फेइ नदीची लढाई घेतली आहे. दोन्ही ठिकाणी एक मोठी, मिश्र, अलीकडेच जोडली गेलेली फौज होती; दोन्ही ठिकाणी त्या फौजेच्या निष्ठेचा प्रश्न शत्रूच्या बळापेक्षा अधिक गंभीर होता; आणि दोन्ही ठिकाणी निर्णायक क्षण हल्ल्याचा नव्हता, मागे सरण्याचा होता. एका ठिकाणी मागे सरलेली फौज नाहीशी झाली. दुसऱ्या ठिकाणी ती टिकली. हा फरक कशामुळे पडला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

२. लढाईपूर्वीचे निर्णय

लालसोटचा प्रसंग समजून घेण्यासाठी १७८४ च्या अखेरीपासून आरंभ करावा लागतो. मिर्झा नजफखान १७८२ मध्ये वारला आणि त्याच्यामागे दिल्ली दरबारातील सरदारांचे आपसांतील कलह विकोपास गेले. नोव्हेंबर १७८४ मध्ये अफ्रासियाबखानाचा खून झाला. त्यानंतर शाह आलम बादशहाने पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद दिले व त्याचा कारभार महादजीकडे आला. या पदाचा मान मोठा असला तरी त्याबरोबर आलेला बोजा त्याहून मोठा होता. बादशहाच्या खर्चाची तरतूद, नजफखानाच्या वेळेपासून चाकरीत असलेल्या मोगल पलटणींचा पगार, आणि स्वतःच्या मराठी फौजेचा खर्च या तिन्ही गोष्टी एकाच, आटत चाललेल्या मुलूखवसुलीतून भागवायच्या होत्या. पुण्याहून पैशाची मोठी मदत येण्यासारखी नव्हती. नाना फडणीस या काळात टिपूवरील मोहिमेत गुंतले होते. ती मोहीम गजेंद्रगडच्या तहाने संपली ती १७८७ च्या एप्रिलमध्ये.

या अडचणीतून महादजीने दोन मार्ग काढले. पहिला, मोगल सरदारांच्या जहागिरींची तपासणी करून त्यांतील बऱ्याच सरकारजमा करणे. दुसरा, रजपूत राज्यांकडून थकलेली खंडणी वसूल करणे. हे दोन्ही मार्ग प्रशासनाच्या दृष्टीने समजण्यासारखे असले, तरी एकाच वेळी अवलंबिल्यामुळे त्यांचा परिणाम परस्परांस मारक झाला. ज्या मोगल सरदारांच्या उत्पन्नाला पहिल्या निर्णयाने धक्का बसला, त्यांच्याच शिपायांना घेऊन दुसरा निर्णय अमलात आणायचा होता.

१७८६ मध्ये बादशहाला बरोबर घेऊन महादजी जयपूरच्या सीमेवर गेला आणि त्रेसष्ट लाख रुपयांवर तडजोड ठरली. काही रक्कम लगेच व बाकीची हप्त्यांनी द्यावयाची होती. वसुलीसाठी रायाजी पाटील यांना मागे ठेवले गेले. हा करार जयपूर दरबारातील ज्या गटाच्या आधारावर उभा होता, त्याचा प्रमुख दिवाण खुशालीराम बोहरा होता. त्याला दूर सारून कारभार दौलतराम हल्दियाकडे गेला, तेव्हा कराराचा आधारच गेला. हल्दियाने वसुलीला विरोध, जोधपूरच्या विजयसिंहाशी एकी आणि मोगल सरदारांशी संधान, असे धोरण ठेवले.

येथे मराठी अभ्यासकाने एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. जयपूरच्या बाजूने पाहता त्रेसष्ट लाखांची मागणी हा कायदेशीर थकबाकीचा हिशेब नव्हता. तो चार दशकांच्या अनुभवाचा पुढचा अंक होता. १७५० च्या डिसेंबरात सवाई ईश्वरीसिंहाने होळकरांच्या पैशाच्या तगाद्याने आत्मघात केला, आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, जयपूर शहरात हजारो मराठे कापले गेले. या दोन घटनांची स्मृती दोन्ही बाजूंस ताजी होती. मराठी लेखनात दुसरी घटना ‘दगा’ म्हणून येते व पहिली तिचे कारण म्हणून क्वचितच येते. १७८७ मध्ये बावीस वर्षांच्या सवाई प्रतापसिंहाने लढण्याचा जो निर्णय घेतला, तो हल्दियाच्या चिथावणीने घेतला गेला असे म्हणणे सोपे आहे. परंतु चिथावणीला फळ येण्याजोगी जमीन आधीच तयार होती, हेही तितकेच खरे आहे.

३. तुंगा : मार्च ते ऑगस्ट १७८७

१७८७ च्या वसंतात महादजी जयपूरच्या मुलखात उतरला तो वाटाघाटींनी काम होईल या अपेक्षेने. वाटाघाटी लांबत गेल्या आणि लांबणीचा प्रत्येक आठवडा त्याच्या विरुद्ध जात होता. जोधपूरचे राठोड भीमराज सिंघवीच्या हाताखाली येऊन मिळण्यास अवधी मिळत होता. मराठी छावणीत धान्य महागत होते. मोगल पलटणींचा रोजमुरा तुंबत होता. मे महिन्याच्या अखेरीस मुहम्मद बेग हमदानी हा मोगल सरदारांतील कदाचित सर्वांत कसलेला योद्धा आपल्या पथकांसह जयपूरकरांना जाऊन मिळाला. त्याचा पुतण्या इस्माईल बेग हाही त्याच्याबरोबर होता.

हमदानी गेल्यावर महादजीपुढे दोन वाटा होत्या. उरलेल्या मोगल पलटणींचा पगार कसाही करून चुकता करणे, अथवा त्यांना रणभूमीपासून दूर पाठविणे. पहिल्यासाठी पैसा नव्हता. दुसरी वाट धरली असती, तर फौज संख्येने दुबळी झाली असती आणि बादशाही कारभाऱ्याने बादशाही फौजेवर उघड अविश्वास दाखविल्यासारखे झाले असते. महादजीने तिसरी गोष्ट केली : तो थोडा मागे सरून उत्तरेकडील आपल्या सरदारांची, विशेषतः अंबूजी इंगळे व खंडेराव हरी यांची, वाट पाहू लागला. हा निर्णय सावध होता. परंतु मूळ दुखणे त्याने तसेच राहिले.

२८ जुलैच्या लढाईत राठोडांनी मराठ्यांच्या डाव्या बगलेवर घोडा घातला. तोफांच्या माऱ्यातून पुढे येत त्यांनी जो हल्ला केला, त्याचे शौर्य दोन्ही बाजूंच्या लेखनात मान्य झालेले आहे. तो हल्ला थोपविण्यात बेन्वा द बॉयन्य याच्या नव्या कवायती पलटणींचा महत्त्वाचा वाटा होता. सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी या गावी १७५१ मध्ये जन्मलेल्या या अधिकाऱ्याने महादजीसाठी दोनच पलटणी १७८४ पासून उभ्या केल्या होत्या. मोठ्या फौजेत हा आकडा किरकोळ; तरीही शिस्तबद्ध पायदळ राजपुतान्यातील उत्तम घोडदळापुढे टिकू शकते, हे त्या दिवशी दिसून आले. त्याच दिवशी तोफेच्या गोळ्याने हमदानी ठार झाला. दिवसअखेर कोणीही मैदान सोडले नव्हते. जयपूरच्या फौजेने आपला सर्वांत अनुभवी सेनानी गमावला होता, आणि ती पुन्हा लगेच चाल करून येण्याच्या स्थितीत नव्हती.

म्हणजे रणांगणावर महादजी हरला नव्हता. तो हरला तो त्यानंतरच्या तीन दिवसांत, आणि स्वतःच्या छावणीत. मोगल पलटणींनी थकलेल्या पगारासाठी तगादा लावला, समजुती निष्फळ झाल्या आणि त्या आपल्या तोफांसह शत्रूकडे निघून गेल्या. समोरच्या फौजेचे बळ एका रात्रीत वाढले व आपले तितकेच घटले. १ ऑगस्ट रोजी महादजीने माघारीचा निर्णय घेतला. लालसोटमार्गे निघालेली फौज पावसाळ्यात, शत्रूच्या मुलखातून, पाठलागाच्या छायेत डीगपर्यंत गेली, आणि मुख्य फौज व तिचे सरदार एकत्र राहिले.

४. फेइ नदी : एक मागे सरण्याचा हुकूम

आता चौदा शतके मागे जाऊ. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर चीनचा बहुतेक भाग पूर्वकालीन छिन घराण्याच्या फू ज्यान या सम्राटाच्या ताब्यात आला होता. तो ‘दी’ या अ-हान जमातीचा होता, आणि त्याचे राज्य श्येनबेइ, छ्यांग इत्यादी जिंकलेल्या जमातींच्या सरदारांना सामावून घेत वाढले होते. दक्षिणेत जिन घराण्याचे राज्य उरले होते. फू ज्यानचा मंत्री वांग मंग ३७५ मध्ये वारला. मृत्यूपूर्वी त्याने दक्षिणेवर स्वारी करू नये, खरा धोका सामावून घेतलेल्या श्येनबेइ व छ्यांग सरदारांकडून आहे, असा सल्ला दिल्याचे सांगितले जाते. ३८३ मध्ये फू ज्यानने स्वारीचा बेत केला, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ फू रोंग, दरबारातील मंत्री व दाओ-आन हा बौद्ध भिक्षू यांनी विरोध केला. उत्तेजन दिले ते मुरोंग छ्वी या श्येनबेइ सरदाराने. नदीत नुसते चाबूक टाकले तरी प्रवाह अडेल इतकी आपली फौज मोठी आहे, ही फू ज्यानची बढाई चिनी भाषेत पुढे म्हण होऊन बसली.

‘जिन शू’ या इतिहासात छिनच्या फौजेचा आकडा सहा लाख पायदळ व दोन लाख सत्तर हजार घोडदळ असा येतो, तर जिनची फौज ऐंशी हजारांची सांगितली आहे. हे आकडे आधुनिक अभ्यासक जसेच्या तसे स्वीकारीत नाहीत. त्याहून अर्थपूर्ण आहे ती दुसरी नोंद : फू ज्यान मुख्य फौज मागे ठेवून आठ हजार घोडेस्वारांसह घाईने आघाडीवर पोहोचला. म्हणजे प्रत्यक्ष फेइ नदीच्या काठी त्याच्या राज्याची सारी फौज नव्हतीच.

नदीच्या एका काठाशी छिनची फौज होती. जिनचा सेनापती श्ये श्वेन याने निरोप पाठविला, की आपण थोडे मागे सरावे, म्हणजे आम्हांस नदी ओलांडता येईल व लढाईचा निकाल लागेल. सरदारांनी नकार द्यावा असे सुचविले. फू ज्यानने होकार दिला. शत्रू अर्ध्या नदीत असताना त्यावर तुटून पडावे असा त्याचा हिशेब होता. युद्धशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब वेडगळ म्हणता येणार नाही. परंतु मागे सरण्याचा हुकूम सुटल्यावर फौज थांबलीच नाही. चू श्यू हा जिनचा सेनानी चार वर्षांपूर्वी कैद होऊन छिनच्या चाकरीत आला होता. त्याने पिछाडीस ‘छिनची फौज मोडली’ अशी आरोळी ठोकली. फू रोंग रांगा सावरावयास गेला असता त्याचा घोडा पडला व तो मारला गेला. पुढे जे झाले, त्याने चिनी भाषेला आणखी दोन वाक्प्रचार दिले : पळणाऱ्यांना वाऱ्याचा आवाज व क्रौंचांचे ओरडणे शत्रूच्या चाहुलीसारखे वाटले, आणि लढाईपूर्वीच फू ज्यानला समोरच्या डोंगरावरील गवत-झाडे सैनिक भासली होती.

मुरोंग छ्वीची तीस हजारांची फौज या गोंधळात अभंग राहिली. हरलेला सम्राट त्याच्याकडे आला तेव्हा त्याने त्याला मारले नाही. फौज त्याच्या हवाली केली. परंतु दुसऱ्याच वर्षी तो फुटून निघाला व त्याने स्वतःचे राज्य स्थापिले. याओ छांग या छ्यांग सरदारानेही तेच केले आणि ३८५ मध्ये फू ज्यानला ठार केले. एका दुपारच्या माघारीतून एक साम्राज्य दोन वर्षांत विरून गेले.

५. दोन माघारींतील भेद

वरवर पाहता दोन्ही नायकांची मूळ चूक एकच आहे. जिंकून किंवा वारशाने आलेली फौज ही आपली फौज आहे असे दोघांनी गृहीत धरले, किंवा तसे गृहीत धरल्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. फू ज्यानच्या बाबतीत हे गृहीत औदार्यातून आले. जिंकलेल्या सरदारांना मानाने वागविल्यास ते आपले होतात, अशी त्याची धारणा होती. महादजीच्या बाबतीत ते गरजेतून आले. दोन्ही ठिकाणी फौजेची संख्या हा सामर्थ्याचा पुरावा मानला गेला आणि प्रत्यक्षात तोच दुबळेपणाचा उगम ठरला.

येथून पुढे मात्र भेद सुरू होतो, आणि तो चार बाबतींत दाखविता येईल.

पहिली बाब, माघारीचा हुकूम कोणाच्या सोयीने दिला गेला ही होय. फू ज्यान मागे सरला तो शत्रूच्या विनंतीवरून आणि एका डावपेचाचा भाग म्हणून. मागे का सरायचे हे सेनापतीच्या मनात होते. रांगेतल्या शिपायाला ते ठाऊक नव्हते. मागे वळलेल्या शिपायाला जे दिसते त्यावरून तो अर्थ लावतो, आणि त्या क्षणी पिछाडीहून आलेली एक आरोळी त्याला पुरेशी होते. महादजीची माघार ही उघड माघार होती. छावणीतील प्रत्येकाला तिचे कारण माहीत होते, कारण फितूर झालेल्या पलटणी त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या.

दुसरी बाब फितुरीच्या काळाची. फेइच्या काठी फितुरी माघारीच्या मध्यावर, रांगांच्या आत प्रकट झाली. तुंग्यास ती माघारीपूर्वी घडून गेली. जे जायचे ते गेले होते. उरलेले आपले होते. क्रूर वाटले तरी हे म्हणावे लागते, की मोगल पलटणींच्या जाण्याने महादजीची फौज लहान झाली आणि त्याच वेळी एकसंध झाली. राणेखान, रायाजी पाटील, जिवबादादा बक्षी, अंबूजी इंगळे यांचे महादजीशी नाते पगाराच्या पलीकडचे होते. त्या पगाराविनाही ते काही काळ उभे राहू शकत होते.

तिसरी बाब वेळेची. महादजीने माघार घेतली ती पराभव होण्यापूर्वी. आणखी एक दिवस थांबून पुन्हा लढाई द्यावी असे त्याला वाटू शकले असते. २८ तारखेचा दिवस त्याला प्रतिकूल गेला नव्हता. पण फितूर झालेल्या तोफा समोर असताना लढणे म्हणजे कालच्या सरशीच्या मोहापायी उद्याची फौज गमावणे, हे त्याने ओळखले. पानिपतावर १७६१ मध्ये पायाला जखम होऊन तो मरता मरता वाचला होता. बाजारबुणग्यांसह निघालेली फौज एकदा फुटली की काय होते, हे त्याने आपल्या शरीरावर भोगलेले होते. त्या अनुभवाचा १ ऑगस्टच्या निर्णयावर परिणाम झाला असावा, हे अनुमान संयमाने करण्यास हरकत नाही.

चौथी बाब विजेत्याची. जिनच्या सेनापतींनी फुटलेल्या शत्रूचा तत्काळ पाठलाग केला. प्रतापसिंहाने तसे केले नाही. हमदानी मेला होता, जोधपूर व जयपूर यांच्या पथकांवर एक हुकमत नव्हती, आणि नव्याने आलेल्या मोगल पलटणींचा पगार आता जयपूरच्या खजिन्यावर पडणार होता. ज्या ओझ्याने महादजी वाकला, तेच ओझे विजयाबरोबर प्रतापसिंहाकडे आले. तुंग्याच्या विजयाचा उपयोग पुढे जयपूरपेक्षा इस्माईल बेगला अधिक झाला.

६. माघारीची किंमत

असे असले तरी लालसोटच्या माघारीचे उदात्तीकरण करता येणार नाही. तिची किंमत मोठी होती आणि ती प्रामुख्याने दुसऱ्यांनी दिली. अजमेर जोधपूरने घेतले. दिल्लीतील महादजीचा अंमल सप्टेंबर १७८७ मध्ये गुलाम कादिर रोहिल्यापुढे संपला. वर्षअखेर महादजी चंबळेपलीकडे होता. त्याच्या सत्तेच्या छत्राखाली असलेला शाह आलम निराधार झाला, आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले. राजधानीतील या अत्याचाराचा उगम थेट लालसोटच्या पोकळीत आहे. माघार घेणाऱ्याने आपली फौज वाचविली. ज्याच्या रक्षणाची जबाबदारी त्याने पत्करली होती, त्याला मात्र तो वाचवू शकला नाही. नेतृत्वाच्या मूल्यमापनात ही नोंद वगळली, तर ते मूल्यमापन राहत नाही, स्तुती होते.

दुसऱ्या बाजूस, फौज वाचविल्यामुळेच पुढचे शक्य झाले. लखबादादा लाड याने आग्र्याचा किल्ला इस्माईल बेगच्या वेढ्यात धरून ठेवला. १८ जून १७८८ रोजी आग्र्यापाशी इस्माईल बेगचा पराभव झाला. ऑक्टोबरात दिल्ली परत मिळाली आणि पुढे डिसेंबरात गुलाम कादिर पकडला गेला. नानांनी पाठविलेले अली बहाद्दर व तुकोजी होळकर पोहोचले ते निकाल बहुतांशी लागल्यावर. तुंग्याच्या मैदानावरून महादजीने घेतलेला धडा द बॉयन्यच्या पलटणींचा होता : १७९० मध्ये त्याच्या नव्या कंपूने २० जूनला पाटण येथे व १० सप्टेंबरला मेडता येथे राजपुतान्यातील फौजांचा पराभव केला. नियमित कवायत आणि नियमित पगार यांची सांगड या कंपूत घातली गेली होती, हे महत्त्वाचे. लालसोटचे दुखणे पगाराचे होते, आणि त्यावरचा उपायही तेथेच शोधला गेला.

७. लेखनप्रकार आणि निर्णय

आता तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मूळ प्रश्नाकडे वळू. फू ज्यानची कथा इतकी सुघटित आहे, की तिच्यात काहीही वाया जात नाही. मरणाऱ्या मंत्र्याचा सल्ला, भावाचा विरोध, बढाई, शत्रूची विनंती, एक आरोळी, घोड्याचे पडणे : प्रत्येक घटक शेवटाकडे बोट दाखवितो. ‘जिन शू’ची रचना ६४८ मध्ये, थांग सम्राट थायझोंगच्या कारकिर्दीत पूर्ण झाली, आणि त्यापूर्वी तीनच वर्षे थायझोंगने कोरियातील गोगुर्यो राज्यावर स्वारी करून अपयश घेतले होते. मायकेल रॉजर्स यांनी १९६८ मधील आपल्या अभ्यासात, फू ज्यानचे चरित्र हे तत्कालीन सम्राटाला दिलेला इशारा म्हणून घडविले गेले असावे, असे प्रतिपादन केले. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य केले नाहीत, तरी एवढे कबूल करावे लागते की या कथेत नायकाचा निर्णय ठळक दिसतो, कारण लेखनप्रकाराला उपदेशासाठी तो ठळक हवा आहे.

लालसोटची मराठी साधने याच्या नेमकी उलट आहेत. द. ब. पारसनीस यांनी प्रसिद्ध केलेली दिल्ली व जोधपूर येथील राजकारणांची पत्रे, गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेली महादजीविषयक कागदपत्रे, ही सारी वकिलांची व कारभाऱ्यांची पत्रे आहेत. लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नाही. त्याला धान्याचा भाव, हुंडीची रक्कम, कोण कोणाच्या तंबूत गेला, कोणाचा किती रोजमुरा थकला, हे महत्त्वाचे वाटते. अशा गद्यात नायक निर्णय घेताना दिसत नाही. परिस्थितीच्या दाटीत वाट काढताना दिसतो. वि. र. नातू यांच्यासारख्या चरित्रकारांनी पुढे या पत्रांतून नायक घडविला, आणि जदुनाथ सरकारांनी मोगल साम्राज्याच्या पतनाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, १९३८ मध्ये, फारसी अखबारांशी ताडून त्या प्रसंगाची रणनीती उभी केली. पत्रातील महादजी आणि चरित्रातील महादजी यांत फरक पडतो तो नव्या माहितीमुळे तितका नाही, जितका शेवट ठाऊक असण्यामुळे.

राजस्थानी चारणी परंपरा ही तिसरी रीत. तिच्या दृष्टीने लढाईचा अर्थ मानात आहे : कोण पुढे झाले, कोणाची लाज कोणी राखली. कर्नल टॉडने असे नोंदविले आहे, की तुंग्यानंतर जयपूरची लाज राठोडांनी राखली अशा आशयाचे एक उपहासात्मक पद्य मारवाडच्या बाजूने पसरले, आणि त्या डंखाने दुखावलेले कछवाह १७९० मध्ये पाटणला राठोडांपासून अलिप्त राहिले. टॉडचे कथन स्वतःच चारणी साधनांवर उभे असल्याने कवितेला इतके सामर्थ्य देण्यात त्या साधनांचा अभिमान मिसळलेला असणार. तरी या कथेतील गर्भितार्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. पत्रांच्या जगात फौज फुटते ती थकलेल्या पगाराने. पद्याच्या जगात ती फुटते दुखावलेल्या मानाने. आणि चिनी दरबारी इतिहासात ती फुटते राजाने सल्ला न ऐकल्याने. तीन परंपरा एकाच घटनेची, म्हणजे फौजेच्या विघटनाची, तीन वेगवेगळी कारणे पाहतात, आणि प्रत्येकीचा लेखनप्रकार तिला तेच पाहावयास शिकवितो.

सवाई प्रतापसिंह स्वतः ‘ब्रजनिधी’ या नावाने पदे रचणारा कवी होता. जयपूरचा हवामहल १७९९ मध्ये त्यानेच बांधविला. आज जयपुरात येणारा मराठी प्रवासी तो पाहतो आणि त्याच राजाशी आपल्या पूर्वजांचे नाते काय होते याची त्याला सहसा कल्पना नसते.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, दोन्ही लढायांत निकाल ठरविणारे निर्णय रणभूमीवर पोहोचण्यापूर्वी घेतले गेले होते : कोणाला फौजेत घ्यावयाचे, त्यांना काय द्यावयाचे, आणि त्यांच्याकडून काय अपेक्षावयाचे. दुसरी, माघार ही पराभवाची पहिली पायरी असतेच असे नाही. ती कधी, कोणाच्या सोयीने आणि कोणासह घेतली जाते यावर तिचे रूप ठरते. तिसरी, नेतृत्वनिर्णय हा घटक सर्व साधनांत सारख्याच स्पष्टपणे दिसत नाही, आणि म्हणून तो जिथे फार स्पष्ट दिसतो तिथे अभ्यासकाने अधिक सावध असावे.

मराठी इतिहासस्मृतीत पानिपत हा शोक आहे व खर्डा हा अखेरचा विजय आहे. लालसोट या दोहोंच्या मध्ये कुठेच बसत नाही, म्हणून ते विसरले गेले. शोक करावा इतका मोठा तो पराभव नव्हता, आणि ज्या माघारीने फौज वाचली तिच्या पोवाड्याची रीत आपल्याकडे नाही. राजस्थानात तुंग्याची आठवण विजय म्हणून राहिली, पण त्या विजयाने जयपूरच्या रयतेची खंडणीतून सुटका झाली नाही. १७९० नंतर ती पुन्हा आलीच. या दोन्ही स्मृती एकत्र वाचल्याशिवाय १७८७ च्या त्या पावसाळ्यात नेमके काय घडले हे कळणार नाही, आणि त्यासाठी मराठी मोडी पत्रे, फारसी अखबार व राजस्थानी ख्याती ही साधने एकाच टेबलावर मांडून वाचणारे अभ्यासक तयार व्हावे लागतील. हे काम जयपुरात बसूनही करता येईल, पुण्यात बसूनही. मात्र एकट्या जयपूरने किंवा एकट्या पुण्याने ते होणार नाही.